वाघाआधी पंचनामा

पत्र : मी नागभीड तालुक्यातील एका गावची आहे. वकिलीची सनद मिळून दोन वर्षे झाली असून सध्या तालुका न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे काम करते. जंगल, वन्यजीव आणि नैसर्गिक साधनसंपत्ती यांच्या कायद्यांतच पुढची वकिली करावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. घरचे म्हणतात, वाघ काही फी देत नाही. वर्गमित्र म्हणतात, त्यासाठी दिल्लीलाच जावे लागते. शिवाय, तीन वर्षांपूर्वी माझ्या चुलत काकांवर मोहफुले वेचताना वाघाने हल्ला केला. ते वाचले, पण त्यांचा एक हात कायमचा निकामी झाला. उद्या मी वन्यजीवांच्या बाजूने उभी राहिले, तर गावात कोणत्या तोंडाने जाऊ? सुरुवात कोठून करावी आणि एखादा पदविका अभ्यासक्रम करावा का, याविषयी मार्गदर्शन करावे.

उत्तर :

वाघ फी देत नाही, हे तुमच्या घरच्यांचे म्हणणे खरे आहे आणि ते हसण्यावारी नेऊ नका. या क्षेत्रात येणारी बरीच तरुण मंडळी डोळ्यांपुढे वाघ ठेवून येतात आणि दोन-तीन वर्षांत घरभाड्याचा हिशेब जुळेना म्हणून परत जातात. मात्र वाघाच्या आसपास जी माणसे, जमिनी आणि कागद असतात, त्यांना वकील लागतो आणि आपल्या भागात तो सहसा मिळत नाही. धान वाचवण्यासाठी रानडुकरांकरिता तारेत वीज सोडली आणि तिला चिकटून वाघ मेला म्हणून अटकेत गेलेला शेतकरी, तेंदूपानांची रक्कम ठेकेदाराने थकवली म्हणून हवालदिल झालेली ग्रामसभा, कोळसा खाणीसाठी जमीन गेलेले कुटुंब, झुडपी जंगलात घर निघाल्याची नोटीस हातात घेऊन फिरणारा माणूस, हे सगळे तुमच्याच भागातले पक्षकार आहेत. त्यांच्यापैकी कोणीही ‘वन्यजीव कायद्याचे वकील हवेत’ असे म्हणत येणार नाही. ते ‘गार्डाने केस केली’ किंवा ‘पटवारी ऐकत नाही’ असे म्हणत येतील, आणि तीच तुमची वकिली असेल.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचला असेलच. तो खटल्यात कसा चालतो, हे मात्र पुस्तकातून कळत नाही. हा खटला पोलिसांच्या दोषारोपपत्रावर नव्हे, तर कलम ५५ प्रमाणे अधिकृत वनाधिकाऱ्याच्या तक्रारीवर चालतो. सामान्य नागरिकालाही रीतसर पूर्वसूचना देऊन तक्रार दाखल करता येते, पण आपल्या भागातली जवळजवळ सारी प्रकरणे खात्याकडूनच येतात. तक्रारीवरचा वॉरंट खटला असल्यामुळे आरोप ठेवण्यापूर्वीच फिर्यादी पक्षाला साक्षीदार उभे करावे लागतात आणि बचाव पक्षाला त्यांची उलटतपासणी घेता येते. फौजदारी प्रक्रिया संहितेतली ही रचना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. नवखे वकील ही पहिली उलटतपासणी ‘नंतर पाहू’ म्हणून सोडून देतात; माझ्या मते अर्धा खटला तेथेच ठरतो.

आणखी एक बाब पाहा. अनुसूची एकमधील, म्हणजे वाघासारख्या सर्वाधिक संरक्षण असलेल्या, प्राण्याच्या शिकारीस किमान ३ वर्षे आणि कमाल ७ वर्षे कारावास आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडही किमान २५ हजार रुपये झाला आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना मात्र ३ वर्षांपेक्षा अधिक कारावास देताच येत नाही. म्हणजे त्यांच्यापुढे दोष सिद्ध झाला, तर शिक्षेत कमी-जास्त करण्यास जागाच उरत नाही, आणि अधिक शिक्षा योग्य वाटली तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावे लागते. ‘आरोपी गरीब आहे, घरात कमावता एकटाच आहे, थोडक्यात सोडावे’ ही आपली नेहमीची विनवणी येथे चालत नाही, हे पक्षकाराला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

माझ्या सुरुवातीच्या काळातले एक प्रकरण सांगतो, कारण त्यातूनच मी या कामाकडे वळलो. वीजप्रवाहाने वाघ मेल्याचा गुन्हा होता आणि मी बचाव पक्षाकडून उभा होतो. पंचनाम्यात ‘सुमारे दोनशे फूट बाइंडिंग तार, बांबूच्या सतरा खुंट्या’ अशी जप्ती लिहिली होती. मुद्देमाल न्यायालयात आला तेव्हा सुतळीने बांधलेले गोणपाट सोडण्यात आले. आत तारेचे एक भेंडोळे होते, खुंट्या नऊ होत्या, लाखेची मोहर फुटून तिचा चुरा तळाशी जमला होता आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी कोठेही नव्हती. दोन्ही पंच खात्याच्या रोजंदारीवरचे वनमजूर होते, आणि त्यांतल्या एकाने ‘कागद ऑफिसात लिहिला, मी तेथे सही केली’ असे सरळ सांगून टाकले. आरोपीचा जबाब सहायक वनसंरक्षकांनी नोंदवायला हवा होता. कलम ५०च्या उपकलम ८ खाली, आरोपीच्या उपस्थितीत, त्या दर्जाच्या किंवा वरच्या अधिकृत अधिकाऱ्याने नोंदवलेल्या पुराव्याला पुढे खटल्यात विशेष महत्त्व मिळते. येथे तो एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने कोऱ्या कागदावर लिहिला होता. आरोपी निर्दोष सुटला.

त्या दिवशी न्यायालयाबाहेर आरोपीच्या आईने माझ्या पाया पडण्याचा प्रयत्न केला, आणि मला मात्र धड आनंद होत नव्हता. तार त्यानेच लावली होती, हे तिला, मला आणि बहुधा न्यायाधीशांनाही ठाऊक होते. आठवड्याभराने त्या प्रकरणातले वनपरिक्षेत्र अधिकारी माझ्याकडे आले. मी वाद होणार असे गृहीत धरून बसलो होतो. त्यांनी खुर्ची ओढली आणि ‘काय काय राहिले, ते एकदा लिहून द्या’ एवढेच म्हटले. मी दोन पाने लिहून दिली. पुढे अनेक वर्षे त्या परिक्षेत्रातले वनरक्षक पंचनाम्यासाठी गावातले स्वतंत्र पंच बोलवू लागले, मुद्देमालावर जागेवरच चिठ्ठी आणि मोहर लावू लागले, आणि तेथील प्रकरणांत बचाव करणे मलाच अवघड जाऊ लागले. ही तक्रार समजू नका.

तेव्हा वन्यजीवांच्या बाजूने की गावाच्या बाजूने, या तुमच्या प्रश्नाची मांडणीच मला थोडी वेगळी करावीशी वाटते. एकाच प्रकरणात दोन्हीकडून उभे राहता येत नाही, आणि ज्याला एकदा सल्ला दिला त्याच्याविरुद्ध त्याच वादात वकालतनामा घेता येत नाही, हे व्यवसायाचे नियम आहेतच. पण आयुष्यभर एकाच बाजूचा शिक्का लावून घेण्याची सक्ती कोणी केलेली नाही. माझ्या पाहण्यात सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून वन्यजीवांचे खटले चालवणाऱ्या काही उत्तम व्यक्ती अशा आहेत, ज्यांनी आधी बचाव पक्षात उमेदवारी केली. ती पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरली जातात. तुम्हाला नियमित पगाराची गरज असेल, तर हा मार्ग डोक्यात असू द्या.

काकांविषयी. तुमच्या पत्रात त्यांना अर्थसहाय्य मिळाले की नाही, हे कोठेच नाही, म्हणून आधी तेच विचारतो. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला, तर वारसांना सध्या २५ लाख रुपये मिळतात हे बहुतेकांना माहीत असते. पण जखमींच्या बाबतीत ‘गंभीर दुखापत’ आणि ‘कायमचे अपंगत्व’ यांच्या रकमा वेगळ्या आहेत, आणि घाईत भरलेल्या अर्जावर अनेकदा पहिलाच प्रकार लिहिला जातो. हात निकामी झाल्याचे शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेचे आहे आणि वनखात्याच्या पंचनाम्यात घटनास्थळ काय लिहिले आहे, हे पाहा. मोहफुले वेचायला जंगलात जाणे हा काही आगाऊपणा नव्हे. वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३ मध्ये गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य केलेला आहे. काकांचे प्रकरण नीट लावून धरलेत, तर गावात कोणत्या तोंडाने जावे हा प्रश्न बराचसा सुटेल. त्याच गावात उद्या वाघाला मारण्याच्या मागणीचा मोर्चा निघाला, तर वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे असा आदेश फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात आणि प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा स्थलांतरित करणे शक्य नाही अशी त्यांची खात्री पटल्याशिवाय देऊ शकत नाहीत, हेही तुम्हालाच समजावून सांगावे लागेल. यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारल्या गेलेल्या ‘अवनी’ वाघिणीचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो याच तरतुदीभोवती फिरत होता. त्याच कलमात असेही आहे की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने प्राण्याला मारले किंवा जखमी केले, तर तो गुन्हा ठरत नाही. गावाला कायद्याचा हा भाग कोणी सांगत नाही, म्हणून कायदा फक्त वाघाचाच आहे असे वाटत राहते.

आता सुरुवात कोठून करावी, याकडे येतो. माझे उत्तर कदाचित तुम्हाला रूक्ष वाटेल : तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रांत आणि नंतरच्या मध्य प्रदेश राज्याचा भाग होता, आणि त्यामुळे आपल्याकडचे जमिनीचे जुने कागद पुण्या-साताऱ्याच्या वकिलाला सहजी उलगडत नाहीत. मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनमालकांची पद्धत, १९५१ मध्ये संपली. तिच्या काळातले वाजिब-उल-अर्ज आणि त्यानंतर गावोगाव तयार झालेले निस्तार पत्रक यांत कोणत्या गावाने कोठून सरपण आणावे, गुरे कोठे चारावीत, बांबू, माती, मुरूम कोठून घ्यावा, तलावाचे पाणी कोणी वापरावे, हे लिहिलेले असते. वनहक्क अधिनियमाच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांची व्याख्या करताना ‘निस्तार’ हा शब्द जसाच्या तसा आला आहे. म्हणजे आपल्या आजोबांच्या तोंडी असलेला शब्द संसदेच्या कायद्यात आहे, आणि त्याचा पुरावा तहसीलच्या कपाटात धूळ खात पडला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, हे तुम्ही ऐकले असेल. त्यामागे गावाची अनेक वर्षांची चिकाटी होती, आणि ती चिकाटी कागद सांभाळण्यातही होती.

बिगर-आदिवासी दावेदारांच्या बाबतीत हे काम अधिक नाजूक होते. त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. लोक घाबरतात, कारण एवढे जुने कागद घरात नसतात. नियमांनी मात्र गॅझेटियर, बंदोबस्ताचे अहवाल, नकाशे यांबरोबरच दावेदाराव्यतिरिक्त इतर वृद्धांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून मान्य केले आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाचे निवेदन नीट लिहून घेणे ही कला आहे. ‘फार पूर्वीपासून’ असे लिहून उपयोग नाही. कोणत्या मालगुजाराच्या काळी, कोणत्या बोडीच्या (छोट्या तलावाच्या) पाळीवर, कोणाच्या लग्नाच्या वर्षी, असे विचारत गेले की काळ आपोआप सापडतो.

झुडपी जंगलाचा विषय पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत पुढची काही वर्षे वकिलांना काम देणार आहे. गुरे चारण्याच्या, काटेरी झुडपांच्या या जमिनी महसूल अभिलेखात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदल्या गेल्या आणि पुढे त्यांवर घरे, शाळा, दवाखाने, शेती असे सगळे उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी या जमिनी वनच आहेत असे ठरवले आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वीची वाटपे आणि त्यानंतरची वाटपे यांना वेगवेगळी वाट दाखवली. ही तारीख गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशाची आहे, ज्यात ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशातल्या अर्थाप्रमाणे व्यापक धरण्यात आला. नोटीस घेऊन येणाऱ्या माणसाला म्हणूनच पहिला प्रश्न ‘पट्ट्यावर (जमीन वाटपाच्या कागदावर) तारीख कोणती?’ हा विचारा. बाकीची चर्चा त्यानंतर.

एक चूक माझी स्वतःची सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण नवे होते तेव्हा, अभयारण्यालगतच्या एका कामाविरुद्ध मी मोठ्या उत्साहाने पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठाकडे अर्ज तयार केला आणि त्याचा सगळा भर वन्यजीव अधिनियमावर ठेवला. पहिल्याच पेशीला मला शांतपणे विचारण्यात आले की, न्यायाधिकरणाच्या कायद्याची पहिली अनुसूची आपण वाचली आहे का? त्या अनुसूचीत पाणी, हवा, वन संवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता यांचे कायदे आहेत. वन्यजीव अधिनियम नाही, वनहक्क अधिनियमही नाही. असे वाद आपल्याकडे नागपूर खंडपीठापुढे रिट अर्जाने न्यावे लागतात. दुसरे म्हणजे तेथील मुदती. वनजमीन अन्य कामासाठी वळवण्याच्या परवानगीविरुद्धचे अपील ३० दिवसांत करावे लागते, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात, आणि त्यानंतर दार बंद होते. ग्रामसभेला परवानगीची बातमीच तीन महिन्यांनी कळते, अशी आपली स्थिती आहे. त्यामुळे ज्यांच्या परिसरात खाण किंवा रस्ता येऊ घातला आहे, त्यांच्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे संकेतस्थळ दर आठवड्याला पाहणे हेही तुमचे काम समजा.

दिल्लीविषयी थोडक्यात. तेथे जाणे वाईट नाही. पण तेथील अभ्यासू वकिलाला निस्तार पत्रकाची नक्कल कोठे मिळते हे ठाऊक नसते, आणि नागपूर खंडपीठातल्या अनेक जनहित याचिका गावपातळीवरचा पुरावा नसल्यामुळे कमकुवत राहतात. तालुक्यातील कागद मराठीत असतात, उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. पंचनाम्यातल्या मराठीचा अर्थ न गमावता नेमके इंग्रजी करणारा माणूस नागपूरच्या ज्येष्ठ वकिलांना हवाच असतो. महिन्यातले दोन-तीन दिवस नागपूरला, उरलेले आपल्या तालुक्यात, असा क्रम काही वर्षे ठेवलात तर दोन्हीकडचे दरवाजे उघडे राहतील.

पैशांच्या बाजूने मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. पहिली पाच वर्षे वाटणीचे दावे, धनादेशाची प्रकरणे, मोटार अपघात दावे हेच घर चालवतील. ते सोडू नका आणि त्यांना कमी लेखू नका. या क्षेत्रातली नियमित फी ग्रामसभांच्या करारांतून येऊ शकते. तेंदू आणि बांबूच्या हंगामाआधी ठेकेदाराशी होणारा करार बहुतेक गावांत जुन्या कराराची झेरॉक्स असतो. त्यात नावे आणि वर्ष बदललेले असते, अनामत रक्कम किती, हप्ते कोणत्या तारखांना, पाने फळीवरून (संकलन केंद्रावरून) उचलल्यावर रक्कम थकली तर काय, याविषयी काहीच नसते. असा करार नीट लिहून द्या आणि त्याची माफक पण ठरलेली फी घ्या. फुकट काम केलेल्या वकिलाचा सल्ला लोक फुकटचाच समजतात, हे मी बऱ्याच उशिरा शिकलो. काकांच्या प्रकरणाची फी अर्थातच घेऊ नका.

पदविका अभ्यासक्रमाबाबत विचारले आहे. घरी राहून करता येणारे एक वर्षाचे पर्यावरण कायद्याचे अभ्यासक्रम आहेत आणि त्यांतून वाचनाला शिस्त लागते, एवढ्यासाठी तो अवश्य करा. त्याच्या प्रमाणपत्रामुळे एकही पक्षकार येणार नाही. तो सुरू होईपर्यंत नागभीडच्या तहसीलमध्ये एक अर्ज द्या आणि स्वतःच्या गावच्या निस्तार पत्रकाची प्रमाणित नक्कल मागा. नक्कल मिळायला वेळ लागेल, दोन-तीनदा ‘कागद सापडत नाही’ असे उत्तर येईल; तेव्हा ते लेखी मागा. कागद हाती आला की तो घेऊन काकांसोबत मोहाच्या त्या झाडापर्यंत जाऊन या, आणि गट क्रमांक जुळतो का, ते पाहा.